'देवी' (१९६०) : दृष्टांत एकाला, भोग दुसरीला

शिरीषपान

गेल्या रविवारी सत्यजित राय यांचा 'देवी' पाहिला. पासष्ट वर्षं जुन्या सिनेमाला स्पॉयलर अलर्ट काय द्यायचा, पण ज्यांना कथा आधी कळलेली चालत नाही त्यांनी इथूनच माघारी वळावं.

घरी मी आणि सासरे दोघंच होतो. त्यांचे गुडघे धरलेले असतात. रात्रीच्या जेवणानंतर महानारायण तेल कोमट करून मी चोळून देते, हा आमच्या घरचा गेल्या दोन वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशीही तेलाची वाटी तिपाईवर होती आणि समोर सिनेमा सुरू झाला. हे मुद्दाम सांगतेय, कारण सिनेमात सून सासऱ्यांचे पाय चेपते तो प्रसंग आला तेव्हा माझा हात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर होता. दोघंही काही बोललो नाही.

कथा थोडक्यात. साल १८६०, बंगालमधलं चंडीपूर. जमीनदार कालीकिंकर विधुर आहेत आणि कालीचे निस्सीम भक्त. थोरला मुलगा तारापद... चुकले, ताराप्रसाद, त्याची बायको हरसुंदरी, त्यांचा लहानगा मुलगा खोका. धाकटा उमाप्रसाद इंग्रजी शिकायला कलकत्त्याला, आणि त्याची सतरा वर्षांची बायको दयामयी घरी. दया सासऱ्यांची सगळी सेवा करते, देवघराची तयारी तिच्याकडेच, खोका झोपतोही तिच्याच कुशीत. म्हातारा तिला 'मा' म्हणतो. इथपर्यंत सगळं गोडच.

मग एका रात्री म्हाताऱ्याला स्वप्न पडतं. अंधारात देवीचे तीन डोळे उजळतात, आणि त्या डोळ्यांच्या जागी सुनेचा चेहरा उमटतो. तो उठतो, तिच्यासमोर जातो आणि तिच्या पायावर लोटांगण घालतो. त्या क्षणी दया काय करते ते पाहा. ती एक शब्द बोलत नाही. भिंतीकडे तोंड फिरवते आणि पायाची बोटं आत मुडपून घेते. सासऱ्याचं डोकं आपल्या पायाला लागू नये म्हणून. शर्मिला टागोरने अख्ख्या सिनेमात यापेक्षा मोठं काही केलेलं नाही असं माझं मत, आणि तिने पुढे खूप काही केलंय.

पुढे तिला मखरात बसवतात, आरत्या होतात, गावोगावची माणसं येतात. धुराने आणि तासन् तास बसून ती कोसळते, तर लोक म्हणतात समाधी लागली. एका गरीब माणसाचं आजारी पोर चरणतीर्थाने डोळे उघडतं आणि मग विषयच संपतो. शेवटी खोका तापाने फणफणतो तेव्हा त्यालाही औषधाऐवजी तिच्या मांडीवर ठेवतात. पुढचं लिहवत नाही.

मला सुचलं ते एवढंच. आपल्याकडे दृष्टांत म्हटलं की ज्याला झाला त्याच्यावर काम येऊन पडतं. नामदेव पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि कवित्व कर म्हणाले. रात्र रात्र जागून अभंग कुणी लिहिले? तुकोबांनीच. इथे स्वप्न सासऱ्याला पडलं आणि पाट मांडला सुनेसाठी. तिला काही दिसलेलं नाही, ऐकू आलेलं नाही. तिने कसला दावाही केलेला नाही. अख्ख्या गावात देवीविषयी जिला काहीच म्हणायचं नाही अशी एकटी तीच, आणि देवी मात्र ती!

असे आणखी सिनेमे आहेत का, जिथे प्रश्न 'देव आहे की नाही' हा नसून 'दिसलं कुणाला आणि निस्तरायचं कुणी' हा आहे?

छायाप्रकाश

छान लिहिलंय. थोडी तांत्रिक भर.

कॅमेरा सुब्रत मित्र यांचा. रायांच्याच आधीच्या 'अपराजितो'च्या वेळी त्यांनी पांढऱ्या कापडावरून परावर्तित करून मऊ उजेड आणायची पद्धत काढली होती. इथे दयाच्या खोलीतला दिवसाचा उजेड आणि पूजेच्या जागेतला उजेड पाठोपाठ पाहा. खोलीत ती मुलगी दिसते. मखरात तोच चेहरा ओळखू येत नाही, नुसता आकार उरतो.

वाडा निमतिता इथला, मुर्शिदाबाद जिल्हा. 'जलसाघर'मध्येही हाच, आणि दोन्हीकडे जमीनदार छबी विश्वासच. तिथे गाण्यापायी घर बुडवतो, इथे भक्तीपायी.

शर्मिला तेव्हा जेमतेम पंधराची. आदल्याच वर्षी 'अपूर संसार'मध्ये तिची आणि सौमित्र चटर्जींची (इथला उमाप्रसाद) जोडी आली होती. ज्यांनी तो आधी पाहिलाय त्यांना 'देवी'तलं सुरुवातीचं नवराबायकोचं लाडीगोडीचं बोलणं पाहून उगाच धीर येतो. फसू नका.

श्रेयनामावली चालू असताना मातीचा कोरा चेहरा दिसतो आणि त्यावर हळूहळू डोळे, रंग, दागिने चढत जातात. सगळी कथा तिथेच सांगून टाकली आहे.

टोकाचा_तात्या

घ्या! पुन्हा हिंदूंच्याच श्रद्धा. बाकीच्यांच्या चमत्कारांवर असा सिनेमा काढायची कुणाची छाती आहे? आणि राय ब्राह्मो समाजातले, मूर्तिपूजेवर पहिल्यापासून आकस. चालू द्या.

नवखा७

तात्या, सिनेमा पाहिलाय का?

टोकाचा_तात्या

पाहायची गरज नाही, धाग्यात सगळी कथा लिहिलीच आहे.

बालीगंजची_सून

माहेर सातारा, सासर कोलकाता, त्यामुळे दोन्हीकडून बोलायचा मला परवाना आहे असं समजते.

तात्या, तुमचा आक्षेप नवा नाही. सिनेमा आला तेव्हाही हिंदू धर्मावर हल्ला म्हणून ओरड झालीच होती. राय ब्राह्मो घराण्यातले, हे खरं. कथा प्रभातकुमार मुखोपाध्यायांची आणि तिची कल्पना त्यांना दिली रवींद्रनाथांनी, म्हणजे तिथेही ब्राह्मो आलेच. तुम्हाला आणखी एक काडी दिली बघा पेटवायला. पण कालीकिंकर खलनायक आहे का ते सिनेमा पाहून सांगा. मला तर त्याची दयाच आली. तो ढोंगी नाही. पैशासाठी करत नाही, मानासाठीही नाही. स्वतःच्या सुनेच्या पाया पडायला त्याला लाज वाटत नाही, उलट डोळ्यांत पाणी येतं. भोंदू बाबा असता तर सोपं झालं असतं, हाकलून देता आला असता. खऱ्या भाविकाला कुठे हाकलणार?

दुसरं, मराठी प्रेक्षकाच्या हातून एक गोष्ट निसटते. बंगाली घरात सुनेला 'बौमा' म्हणतात, लेकीलाही 'मा' म्हणतात. माझे सासरे मला चहा मागतानासुद्धा 'मा' म्हणूनच हाक मारायचे. लग्नानंतर पहिले सहा महिने मी प्रत्येक वेळी दचकायचे. आणि कालीलाही 'मा'च. म्हणजे शब्द पहिल्यापासून तोच आहे, म्हाताऱ्याने फक्त त्याचा अर्थ बदलला. मराठीत सासरा सुनेला 'अगं सूनबाई' म्हणतो, तिथून देवीपर्यंत पोचायला फार मोठी उडी मारावी लागेल. बंगालीत ती एकाच पायरीची आहे.

आणि ती पायरी काही रायांनी बांधलेली नाही. त्याच शतकात, सिनेमातल्या काळानंतर दहाबारा वर्षांनी, दक्षिणेश्वरला रामकृष्णांनी आपल्या पत्नीला, शारदादेवींना, आसनावर बसवून षोडशी देवी म्हणून पूजा केली. बेलूर मठात कुमारीपूजा विवेकानंदांनी सुरू केली, ती दुर्गापूजेत आजही होते. लहान मुलीला नटवून बसवतात. मी दोनदा पाहिली आहे. दुसऱ्या वेळी त्या पोरीला जांभई आली आणि आजूबाजूच्या बायका कौतुकाने हसल्या. पूजा संपली की ती देवी आईच्या कडेवर बसून घरी जाते. दयाचं दुखणं हेच की तिची पूजा संपतच नाही.

वसईचा_वाडीवाला

तात्यांचा प्रश्न, 'बाकीच्यांच्या चमत्कारांवर कुणी काढला का'. काढलाय. आणि मी तो लहानपणी चर्चच्या हॉलमध्ये, पडद्याऐवजी पांढरी चादर बांधून पाहिलाय.

'द साँग ऑफ बर्नाडेट', १९४३, दिग्दर्शक हेन्री किंग. जेनिफर जोन्सला त्यासाठी ऑस्कर मिळालं, एकूण चार ऑस्कर. मूळ कादंबरी फ्रांझ वेर्फेल यांची, आणि हा लेखक ज्यू बरं का. १९४० साली नाझींपासून पळताना बायकोसह लूर्दला काही आठवडे लपून राहिला, तिथे नवस बोलला की सुटलो तर या मुलीची गोष्ट लिहीन. सुटला, अमेरिकेला पोचला, नवस फेडला.

खरी गोष्ट अशी. दक्षिण फ्रान्समधलं लूर्द, ११ फेब्रुवारी १८५८. म्हणजे 'देवी'च्या कथेआधी दोनच वर्षं! बर्नाडेट सुबिरू, वय चौदा, दम्याची रोगी. बाप चक्कीवाला, धंदा बुडालेला, सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहत होतं. लाकूडफाटा गोळा करायला नदीकाठी गेली आणि मासाबिएलच्या गुहेत तिला एक बाई दिसली. १६ जुलैपर्यंत अठरा वेळा दिसली.

आता शिरीषपान, तुमच्या मुद्द्याशी जोडतो. बर्नाडेट त्या बाईला काय म्हणायची माहीत आहे? 'आकेरो'. तिच्या गावच्या बोलीत त्याचा अर्थ 'ते'. नुसतं 'ते'! गावातल्या बायका म्हणत होत्या मरियामाता आहे, कुणी म्हणे मेलेल्या अमकीचा आत्मा आहे. ही पोर मात्र शेवटपर्यंत स्वतःहून नाव लावायला तयार नाही. २५ मार्चला त्या बाईने आपलं नाव सांगितलं, 'निष्कलंक गर्भसंभव' (म्हणजे मरियामाताच), तर ते शब्द विसरू नयेत म्हणून ही वाटभर घोकत पाद्रीबुवांकडे गेली. अर्थ तिला कळलाच नव्हता.

कालीकिंकरचं उलट. त्याने झोपेतून उठायच्या आत नाव देऊन टाकलं.

दुसरा फरक चौकशीचा. बर्नाडेटला पोलिसांनी तपासलं, सरकारी वकिलाने तपासलं, डॉक्टरांनी तपासलं. डीन पेरामाल हा तापट पाद्री तर म्हणाला, तुझ्या त्या बाईला सांग, गुहेतल्या रानगुलाबाला भर थंडीत फुलं आणून दाखव. फुलं आली नाहीत. बर्नाडेटने परत येऊन तसंच सांगितलं. जूनमध्ये सरकारने गुहेला कुंपण घातलं, ते ऑक्टोबरात तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने निघालं. बिशपने मान्यता दिली ती १८६२ च्या जानेवारीत. चार वर्षं! दयाला मखरात बसायला एक सकाळ पुरली.

सिनेमाच्या सुरुवातीला पाटी येते, श्रद्धा असणाऱ्याला खुलाशाची गरज नाही आणि नसणाऱ्याला खुलासा करून उपयोग नाही, अशा अर्थाची. मला ती पाटी कधीच पटली नाही. कारण नंतरचे अडीच तास सिनेमा खुलासेच मागत असतो, आणि म्हणूनच तो चांगला आहे.

खटकलं ते एकच, पडद्यावर ती बाई दाखवली आहे. लिंडा डार्नेल, प्रकाशाच्या झोतात. दाखवायला नको होती. बर्नाडेटचा चेहरा पुरेसा होता.

आमच्या आजीकडे लूर्दच्या पाण्याची (त्या गुहेतल्या झऱ्याचं, लोक औषध मानतात) बाटली होती, मरियामातेच्या आकाराची, निळा मुकुट फिरवला की झाकण उघडायचं. ताप आला की आजी कपाळावर दोन थेंब लावायची आणि लगेच म्हणायची, चल आता डॉक्टरकडे.

खडीसाखर

>> चल आता डॉक्टरकडे

ही आजी जमीनदाराच्या वाड्यात हवी होती.

कावेरी_ना

वसईकर, बर्नाडेटची बाजू जरा जास्तच उजळ रंगवलीत. पुढे काय झालं तेही सांगा. १८६६ मध्ये तिला नेव्हेरच्या मठात पाठवलं. तिथून ती लूर्दला परत आली नाही. पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेली, १८७९ साली. १९३३ मध्ये संतपद. आणि आज तिचा देह त्याच मठात काचेच्या पेटीत ठेवलाय, लोक रांगेने बघायला जातात, मीही गेले होते. चेहऱ्यावर मेणाचा मुखवटा आहे. म्हणजे तिला स्वतःला दिसलं, चौकशी झाली, मान्यता मिळाली, तरी शेवट मखरातच!

वसईचा_वाडीवाला

मान्य. शंभर टक्के मान्य. फक्त एक फरक उरतो. तिला विचारलं गेलं होतं. झऱ्यावर जाऊन बरी का होत नाहीस असं मठात म्हणाले तेव्हा ती म्हणाली, ते पाणी माझ्यासाठी नाही. आणि लोकांना पटवून द्यायचा आग्रह धरला तेव्हा म्हणाली, मला सांगायचं काम दिलंय, पटवायचं नाही. दयाच्या तोंडी अशी दोन वाक्यं तरी आहेत का?

शिरीषपान

एक आहे. त्यावरच तर मी अडकले आहे.

उमाप्रसाद कलकत्त्याहून धावत येतो, बापाशी भांडतो आणि रात्री तिला गुपचूप घेऊन निघतो. नदीवर नाव तयार आहे. पैलतीरी गेलं की सुटली. तिथे काठावर विसर्जन झालेल्या मूर्तीचा सांगाडा पडलेला तिला दिसतो. काड्या, गवत, बांबू. आणि ती थबकते. म्हणते, मी खरंच देवी असले तर?

मला आधी तिचा राग आला होता. अगं चल ना, नाव समोर आहे! पण मग वाटलं, सगळं गाव रोज तुझ्यासमोर डोकं टेकतंय, एक पोर तुझ्या पायाच्या पाण्याने उठून बसलंय. 'मी नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि म्हटलं, आणि उद्या नवऱ्याला काही झालं, तर?

मिरजेची_मावशी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. वरचं वाचून राहवलं नाही. सिनेमा पाहिलेला नाही, पण नदीवरची ती मुलगी मला माहीत आहे.

माझी मावसबहीण. अकरा वर्षांची असताना आजारी पडली, महिनाभर अंथरुणात. केस विंचरले नाहीत, मानेवर गुंता झाला. उठली तेव्हा गुंत्याची गाठ बसलेली. शेजारची एक बाई आली, हात लावून बघितलं आणि म्हणाली, "यल्लमाची जट हाय ही. हात लावू नगा." झालं. त्या बाईला दिसलं आणि आमच्या घराने मानलं.

तेव्हापासून त्या केसांना कात्री नाही, फणी नाही. मंगळवार-शुक्रवार जटेला हळदकुंकू. ती वाढत गेली, कमरेपर्यंत आली, मनगटाएवढी जाड. उन्हाळ्यात आत घाम जिरायचा, वास यायचा. शाळेत पोरी शेजारी बसेनात, मग शाळाच सुटली. मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीला नेऊन देवीला सोडायचं ठरत आलं होतं. मामा आडवा पडला म्हणून वाचली. पण वाचली म्हणजे काय, लग्न कोण करणार. आणि गल्लीतल्या बायका येऊन तिच्या पाया पडायच्या. तिच्या! जिला आपल्या डोक्यावरून पाणी घ्यायची चोरी होती.

गोम अशी की जट काढायची तयारी घरच्यांची झाली तेव्हा तीच नको म्हणाली. एका संस्थेच्या बाई वर्षभर यायच्या, बसायच्या, चहा घ्यायच्या, कधी जोर केला नाही. ही म्हणायची, "काढली आणि आईला काही झालं तर?" तेव्हा ती पंचवीसची होती. चौदा वर्षं.

शेवटी काढली. त्या बाईंनी आधी स्वतः जटेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मग कात्री घेतली. तास लागला. खालची कातडी पांढरीफटक पडली होती, जखमा होत्या. पुढे कितीतरी महिने तिची एक सवय जाईना. वाकून झाडू मारताना डावा हात आपोआप मानेमागे जायचा, जट सावरायला. तिथं काही नसायचं. मग हात तसाच थोडा वेळ मानेवर ठेवायची.

त्यानंतर आई दोनदा आजारी पडली. दोन्ही वेळा तिनं मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "माझ्यामुळं न्हाई ना?"

नवखा७

🙏 काय लिहू.

बालीगंजची_सून

मावशी, लिहीत राहा. नारळ फोडून मग कात्री, हे लाख मोलाचं. उमाप्रसादला हेच जमलं नाही. तो कलकत्त्याहून इंग्रजी पुस्तकं घेऊन आला, बापाला 'तुम्ही वेडे झालात' म्हणाला, आणि बापाने त्याला 'पिता स्वर्गः पिता धर्मः' ऐकवून गप्प केलं. बायकोला काय वाटतंय हे विचारायला त्याला नदी गाठावी लागली.

खडीसाखर

थोडं उलट बाजूने, मावशींच्या प्रतिसादाला धक्का न लावता.

माझ्या पणजीच्या अंगात यायचं. नवरात्रात आणि एरवी मंगळवारी. केस मोकळे, घुमणं, सगळं. घरातल्या सांगण्याप्रमाणे अंगात आलं की ती सासूला नावाने हाक मारायची आणि वर्षभराचं सगळं काढायची. "लेकराला दूध का दिलं नाहीस गं, बोल!" आणि सासू हात जोडून कबूल करायची. पणजोबा लिंबू घेऊन उभे. अर्ध्या तासाने पणजी उठून भाकऱ्या थापायला बसायची. घरात बायकांना तोंड उघडायची तेवढीच सोय होती. म्हणून अंगात येणं म्हटलं की सरसकट नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. आता कायद्यानेही अंगात आल्याचं सांगून लोकांना भीती घालण्याला बंदी आहे आणि ती असावीच. पण माझी पणजी कुणाला लुबाडत नव्हती, उसनं तोंड वापरत होती.

तेव्हा मला वाटलं होतं की दयालाही देवी झाल्यावर थोडा तरी अधिकार मिळेल. म्हणेल, "नवऱ्याला बोलवा", "मला भूक लागलीय". काही नाही. कुणी तिला विचारतच नाही. देवीची इच्छा काय ते म्हाताराच सांगतो.

कावेरी_ना

पणजी घुमत होती, दयाला घुमवलं. संपला विषय.

प्रभातचा_पंखा

आजारी पोर म्हटलं की मला आपला १९३६ चा 'संत तुकाराम' आठवतो, दामले-फत्तेलाल. तिथे चमत्कारांची लाजच नाही, विठ्ठल धान्य देतो, गाथा इंद्रायणीतून वर येते, विमान उतरतं. आणि पाहताना खोटं वाटत नाही, कारण मधे जिजाई आहे. पोर तापलेलं, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती पोराला घेऊन तडक देवळात शिरते, हातात चप्पल, विठोबालाच झोडायला! गौरी नावाच्या नटीने काय काम केलंय! व्हेनिसच्या महोत्सवात त्या सिनेमाचा गौरव झाला तो उगाच नाही.

आता हरसुंदरी घ्या. 'देवी'त हिला पहिल्यापासून काही पटलेलं नाही. उमाप्रसादला पत्र लिहून बोलावून घेतलं तेही हिनेच. पण स्वतःचं पोर तापलं तेव्हा तिलाही ते दयाच्या मांडीवर द्यावं लागलं. जिजाईचा देव चप्पल दाखवण्याइतका घरचा होता. हरसुंदरीसमोर देव नव्हता, सासरा होता.

टोकाचा_तात्या

काल रात्री पाहिला.

पहिला प्रतिसाद न पाहता लिहिला होता, मागे घेतो. बालीगंज म्हणाल्या ते बरोबर आहे, म्हातारा खलनायक नाही. शेवटी नातू गेल्यावर त्याचा चेहरा बघवत नाही.

पण माझा एक प्रश्न आहे आणि तो वाकडेपणाने विचारत नाही. ते पहिलं पोर बरं का होतं? राय एवढे बुद्धिवादी, मग ते पोर मेलेलं दाखवायचं. गावाचे डोळे उघडले असते, खोका वाचला असता. बापलेकाचं भांडण ऐन रंगात आलंय आणि नेमकं तेव्हाच बाहेरून पोर उठल्याची आरोळी येते. म्हातारा जिंकतो. हा देवाच्या बाजूने दिलेला गुण नाही का?

छायाप्रकाश

तात्या, धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न.

पोरं बरी होतात हो. औषधाने होतात, औषधाशिवायही होतात. राय त्याचं कारण देत नाहीत, आणि पोर उठलं त्याचा आनंदही चोरत नाहीत. अली अकबर खाँचं संगीतही तिथे टोमणा मारत नाही. ते पोर मेलं असतं तर सिनेमा तासाभरात संपला असता आणि आपण सगळे शहाणे ठरलो असतो. उठलं, म्हणून आपणही क्षणभर त्या गावात जाऊन उभे राहतो. मी तरी राहिलो होतो. उमाप्रसाद निरुत्तर झाला तेव्हा मीही झालो होतो.

टोकाचा_तात्या

हम्म. मीही.

शेवट मात्र अर्धवट वाटला. धुक्यातून पळत जाते ती कुठे?

बालीगंजची_सून

मूळ कथेत ती गळफास घेते. रायांनी तिला दागिने घालून, वेड्या नजरेने, शेतातून धुक्यात पळत सोडली आहे. मला हे जास्त भयंकर वाटतं. प्रेत मिळालं की निदान रडता येतं.

नवखा७

कुठे बघायला मिळेल? मराठी सबटायटल आहेत का?

छायाप्रकाश

मराठी नाहीत, इंग्रजी आहेत. दुरुस्त केलेली प्रत शोध, जुनी घेऊ नकोस, तिच्यात रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात. नदीचा प्रसंग हुकेल.

मिरजेची_मावशी

मी बहिणीबरोबर पाहू का नको, ठरत नाही. ती आता चाळिशीची आहे, ब्लाउज शिवते, बॉबकट ठेवते. विचारलं तर म्हणाली, "शेवट वाईट हाय का? मग तू बघ आदी."

शिरीषपान

मावशी, तुम्ही आधी पाहा. घाई नको.

धागा एवढा लांबेल असं वाटलं नव्हतं. कुणीतरी मधे विचारायला हवं होतं की सासऱ्यांना सिनेमा कसा वाटला, कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. म्हातारा लोटांगण घालतो त्या प्रसंगाला त्यांनी पाय वर घेतले, खुर्चीवर मांडी घालून बसले. धरलेल्या गुडघ्यांनी मांडी! खोका गेल्यावर उठून आत गेले ते शेवट पाहायला आलेच नाहीत.

त्यावर आमचं अजून काही बोलणं झालेलं नाही. काल रात्री जेवण झाल्यावर मी तेल कोमट करायला गेले तर वाटी जागेवर नव्हती. ते आतल्या खोलीत बसून स्वतःच चोळत होते, अर्धं तेल सतरंजीवर. बाटलीचं झाकण तेवढं सापडत नव्हतं, ते कुठे पडलंय बघ म्हणाले.